भंगार की वारसा? मधल्या तीस वर्षांचं काय?

"मायलेज किती देते?" असं विचारणाऱ्यांवर मी रागवायचं केव्हाच सोडून दिलंय. "अजून विकली नाहीस?" यावरही हसून घेतो (आत्या, हे तुझ्यासाठीच आहे :) ). पण "असल्या जुन्या गाड्या सरकारने सरळ मोडीत काढायला हव्यात" असं कुणी ठणकावून सांगितलं, की गप्प बसवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्याकडे १९९८ची टाटा सिएरा आहे. नव्या मंडळींसाठी सांगतो: १९९१ साली आलेली, पुण्यात बनलेली तीन दारांची गाडी. टाटामोबाइल या पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, आणि मागच्या सीटशेजारी छताकडे वळत गेलेली भलीमोठी काच. सिंहगडाच्या घाटात मागे बसलेल्या भाच्यांना मान न वाकवता कडा दिसतो. पेट्रोल पंपावर अनोळखी माणूस जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवतो आणि "आमच्या बाबांकडे होती हो" म्हणतो. हे सुख शोरूममध्ये मिळत नाही.

आता तोटे. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. साडीतल्या काकू एकदा आत गेल्या की मुक्काम येईपर्यंत चहालासुद्धा उतरत नाहीत. काचेभोवतीचं रबर कडक झालंय, पावसाळ्यात आत फडकं ठेवावं लागतं. इतक्या वर्षांत रबर कडक होणारच, त्यात बनवणाऱ्याचा काय दोष? सुट्या भागांसाठी रविवारी जुना बाजार पालथा घालायचा. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे आमचे मेकॅनिककाका थकलेत, आणि त्यांच्या मुलाला लॅपटॉप जोडायची सोय नसलेली गाडी म्हणजे संकट वाटतं. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत जवळपास शून्य.

हे सगळं मी हौसेने पत्करलंय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. उद्देश उघड आहे: कंटाळून माणसाने गाडी मोडीत घालावी.

आणि याच सरकारचा २०२१ सालचा दुसरा नियम पाहा. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज'! तिला वेगळा नंबर, दहा वर्षांची नोंदणी, रोज रस्त्यावर आणायची नाही पण रॅलीत, प्रदर्शनात मिरवायची मुभा. चांगला नियम आहे, माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की विसाव्या वर्षी भंगार ठरवलेली गाडी पन्नासाव्या वर्षी वारसा व्हायला येणार कुठून? मधली तीस वर्षं तिला सांभाळायचं कुणी? माझी सिएरा २०४८ मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर आजच्या दरानेही आणखी चार नूतनीकरणं, म्हणजे ४०,००० रुपये. श्रीमंत संग्राहक ते भरतील. मेकॅनिककाकांकडे हप्त्याने काम करून घेणारा शिक्षक किंवा कारकून भरेल?

"अरे, पण धुराचं काय?" खरं आहे. जुन्या डिझेलचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्तच. पण धूर मोजायचं यंत्र असताना जन्मतारीख कशाला मोजता? माझी गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. पंचवीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी मधली एक पायरी करा: वर्षाला किलोमीटरची मर्यादा, धुराची कडक तपासणी आणि परवडेल अशी फी. नापास झाली तर राहू दे दारात उभी. एवढंच मागतोय.

आपल्या घराण्याला हे वेगळं सांगायला नको. आजीचा तांब्याचा बंब मोडीत घालून गीझर आणणारे आपणच, आणि आज दिवाणखान्यात शोभेला ठेवायला तसाच बंब दामदुप्पट देऊन आणणारेही आपणच! नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा याच नावाची नवी, पाच दारांची गाडी बाजारात आली, तेव्हा जो तो जुनीच्या आठवणी काढत होता. त्या आठवणींचा एक जिता-जागता नमुना आमच्या गेटपाशी, मागच्या काचेला फडकं लावून उभा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मायलेज जरूर विचारा. पण "मोडीत काढ" म्हणण्याआधी एकदा मागच्या सीटवर बसून घाट चढून या. काकूंनासुद्धा विचारा, उतरल्यावर त्या काय म्हणाल्या ते. :)