चेनची कुरकुर

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरपासून सकाळी गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. मग बंद. डिझेल गाडी, त्यात २०१२ ची, खडखडणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. ही दोनदा म्हणाली, "आवाज बदललाय हो." शेवटी गॅरेजवाल्याकडे रात्रभर गाडी ठेवली. सकाळी थंड इंजिन ऐकून तो म्हणाला, "काका, टायमिंग चेन आहे. आता थांबू नका."

चेन तर आयुष्यभर टिकते ना? स्विफ्ट घेताना हेच तर कौतुक होतं, पट्टा नाही, बदलायची भानगड नाही! त्या "आयुष्यभर"नं माझ्यासारख्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं रस्त्यातल्या खड्ड्यांनीही केलं नसेल.

हे १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशोब चेन सांभाळते. ती काही दात सरकली तर वॉल्व्ह मिटायच्या आत पिस्टन वर येऊन त्याला ठोकतो, आणि मग हेडच उतरवावं लागतं. लोक म्हणतात चेन ताणली. पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. सायकलच्या चेनसारखी प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते आणि सगळ्यांची बेरीज होते. टेन्शनर चालतो ऑइलच्या दाबावर. सकाळी तो दाब येईपर्यंत सैल चेन वाजते. त्यात डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, म्हणजे जुनं ऑइल जवळजवळ पॉलिश पेपरच.

आणि ऑइल जुनं कुणी केलं? मीच. पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. २०२० च्या लॉकडाऊननंतर गाडी उभीच होती. "फिरलीय कुठे?" म्हणत दोन वर्षं तेच ऑइल ठेवलं.

आमचे मेहुणे म्हणाले (वाचत असतील तर रागावू नये), "विकून टाक. गिऱ्हाईक दुपारी बोलव, गरम इंजिन वाजत नाही." खोटं कशाला बोलू, एक रात्र मीही तो विचार केला. मारुतीनं डिझेल २०२० मध्येच बंद केलं, जुन्या गाडीला विचारणारे आहेत. पण ती चेन माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या घरची माणसं गाडीत असताना घाटात सरकली असती. हा व्यवहार नाही, फसवणूक आहे. नात्यात वाद नको म्हणून तेव्हा बोललो नाही, आज लिहितोय.

काम तीन दिवस चाललं. नुसती चेन टाकून भागवणारेही भेटतात, पण झिजलेल्या दातांवर नवी चेन कशाला? गाइड, टेन्शनर, दातेरी चाकं, सगळा संच घातला. वीस हजारांच्या आसपास गेले. सेल्फ मारण्याआधी त्यानं पान्यानं क्रँक दोन फेरे हातानं फिरवला, कुठे अडतंय का बघायला. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभा होतो.

आता सकाळी आवाज नाही. पुढचं ऑइल कधी, ते हिनं कालनिर्णयवर स्वतःच्या हातानं लिहिलंय. माझ्यावर विश्वास नाही म्हणे.