‘वय झालं’ हे निदान नाही

आमच्या घरात सध्या दोन ज्येष्ठ नागरिक आहेत. एक आजी, वय ८१. दुसरा डोसा, वय ९.

डोसा म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या भागातला सरडा. हनुवटीखाली काटेरी दाढी असते आणि चिडला की ती काळी पडते. दिव्याखाली ऊब घेताना अंग इतकं चपटं करतो, की तव्यावर पसरलेला डोसाच वाटतो. बेंगळुरूतल्या घरात दुसरं नाव सुचणार तरी कोणतं?

त्याला आणलं माझ्या मामेभावानं, शाळेत असताना. आता दादा शिकायला परदेशी गेलाय. नोकरीसाठी मामाकडे राहायला आले तेव्हा त्याची खोली मला मिळाली आणि खोलीबरोबर डोसाही.

गेल्या डिसेंबरात डोसानं खाणं कमी केलं. आवडत्या फांदीवर चढेना, दिवसभर कोपऱ्यात पडून राही. मामा म्हणाला, “वय झालं गं त्याचं.” मला पटलं, कारण हे सरडे साधारण ८ ते १२ वर्षं जगतात. मामी म्हणाली, “थंडी आहे.” तेही पटलं, कारण थंडीत हे प्राणी खरंच सुस्तावतात. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती, म्हणून आम्ही तीन आठवडे काहीच केलं नाही.

मग एका संध्याकाळी भोपळ्याचा तुकडा उचलताना त्याचा पुढचा पाय थरथरताना दिसला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. (हे आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरडे तपासत नाहीत.)

एक्स-रे काढला. हाडं विरळ झाली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यूव्हीबी ट्यूब कधी बदलली होती?”

दादाला फोन लावला. तो गप्पच झाला. तीन वर्षं झाली होती.

इथे थोडं शास्त्र. या सरड्यांच्या त्वचेत यूव्हीबी किरणांमुळे ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर हाडांमधलंच कॅल्शियम वापरू लागतं. गंमत अशी, की ट्यूबमधला यूव्हीबी साधारण ६ ते १२ महिन्यांत कमी होतो, पण ट्यूब मात्र लख्ख पेटलेली दिसते. आम्ही रोज बटण दाबत होतो आणि समजत होतो की सगळं ठीक आहे. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते.

म्हणजे दोष वयाचा कमी आणि आमचा जास्त होता.

आता डोसाच्या दिनक्रमात काय बदललं ते सांगते. कुणाच्या घरी असा म्हातारा पाहुणा असेल तर उपयोगी पडेल.

ऊब: दिव्याखालची जागा ३५ ते ४० अंश सेल्सिअस हवी, दुसरं टोक त्याहून बरंच थंड. ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचत नाही. बेंगळुरूच्या डिसेंबरात रात्री गारठा असतो, शिवाय वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून संध्याकाळी उशिरा खायला देणं बंद. ट्यूब लावल्याची तारीख आता काचेवर चिकटवली आहे.

खाणं: म्हाताऱ्या सरड्याला किडे कमी, पाला जास्त. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची फुलं. पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. आपल्याकडे बटरफ्रूट म्हणतात ते अ‍ॅव्होकॅडो अजिबात नको. काजवेही नकोत, एखादा काजवाही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

घर: उंच फांदी काढून सपाट, खडबडीत दगड ठेवला. पडून पाय मोडण्यापेक्षा बुटकी जागा बरी.

वजन: दर रविवारी सकाळी वजनकाट्यावर, वहीत नोंद. सुस्ती फसवते, आकडा फसवत नाही. थंडीत झोपाळलेल्या निरोगी सरड्याचं वजन फारसं घटत नाही. ते घटू लागलं तर डॉक्टरांकडे जायचं.

ऊन: सकाळी थोडा वेळ गच्चीवर, सावलीची सोय ठेवून आणि कुणीतरी शेजारी बसून. घारी वरूनच बघत असतात.

हात: त्याला हाताळल्यावर साबणानं धुवायचेच. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. लहान मुलं आणि वृद्ध यांना त्याचा त्रास जास्त होतो. म्हणून आजी त्याच्याशी लांबूनच बोलते आणि त्याचा वजनकाटा स्वयंपाकघरात जात नाही.

दोन महिन्यांनी डोसा दगडावर चढून बसला. तरुण झाला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पाठीचे सांधे आखडलेत, ते तसेच राहणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की पुढे खाणं पूर्ण सुटलं, वेदना थांबेनाशा झाल्या, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय घ्यावा लागेल. दादाशी त्यावर बोलून झालंय. तो रडला. पण बोलणं आधीच झालं ते बरं.

त्याच आठवड्यात आजी चहा पिताना म्हणाली, “त्या सरड्यासाठी तुम्ही रविवार मोडलात. माझे गुडघे दोन वर्षं दुखतायत, तर म्हणता वय झालं.”

कुणी काही बोललं नाही. मामानं फोन काढला आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. गुडघे झिजलेत, ते खरंच आहे. पण औषध आणि रोजचा व्यायाम यामुळे आजी आता जिना धरून एक मजला उतरते. दोन वर्षं आधी नेलं असतं तर?

शेवटी एक विनंती. हे वाचून सरडा आणायला धावू नका. तो तुमच्या मुलाची दहावी, कॉलेज आणि पहिली नोकरी बघेल, आणि मूल घर सोडून गेल्यावर तुमच्याकडेच राहील. शिवाय ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून विकणाऱ्याला प्राणी आला कुठून ते विचारा. सायटीस यादीतले परदेशी प्राणी घरी असतील तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि आपल्याकडची घोरपड किंवा स्टार कासव पाळणं हा तर गुन्हाच आहे.

आज रविवार. डोसाचं वजन ३९२ ग्रॅम, गेल्या आठवड्यापेक्षा ४ ग्रॅम जास्त. आजीनं लांबूनच विचारलं, “किती भरला?”