तीनचाकी हॅन्सिएट आणि आपली विद्या

महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम जर्मनीत, जेथे पोलाद दुर्मिळ, इंधन मोजके आणि गिऱ्हाइकाची ऐपत बेताची होती, तेथील कारखानदारांनी आपली सारी बुद्धी स्वस्त वाहनाच्या शोधात वेचली. ब्रेमेनच्या लॉइड गाडीने 1950 साली लाकडी सांगाड्यावर प्लायवूड आणि कृत्रिम चामडे चढवून पत्रा वाचविला. डिंगोल्फिंगच्या हान्स ग्लास यांच्या शेती-अवजारांच्या कारखान्यातून 1955 साली गोगोमोबिल बाहेर पडली. आणि त्यांच्याही आधी, 1949 साली, हॅम्बुर्गच्या टेंपो कारखान्याने हॅन्सिएट हे तीनचाकी मालवाहन बाजारात आणले. पहिल्या दोघी संग्रहालयात गेल्या, तिसऱ्याने मात्र आपल्या मुलखात बिऱ्हाड केले.

अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने 1958 साली बजाज टेंपो कंपनी स्थापन झाली, आणि गोरेगावात व पुढे आकुर्डीत हे वाहन बनू लागले. जन्मभूमीत त्याचे उत्पादन थांबल्यानंतरही कित्येक दशके ते येथे निघत राहिले. ही गोष्ट मला त्याच्या कर्तृत्वाची सर्वांत मोठी साक्ष वाटते.

त्याची रचना साधी होती: इंजिन, गिअरपेटी आणि ओढणारे चाक ही तिन्ही पुढच्याच बाजूस. चाकाला गती चेनने. मागे लांब शाफ्ट नाही, त्यामुळे सपाट फळीवर सारा माल. इंजिन दोन स्ट्रोकचे, म्हणून व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले की वंगणाची निराळी तजवीज करावी लागत नाही. ऑइलचे प्रमाण चुकले तर मात्र पिस्टन जाम होणार किंवा प्लग काळा पडून सायलेन्सर कार्बनने कोंदणार, हे ज्याने हेड उघडून पाहिले त्याला पुस्तकाची गरज उरली नाही. पालमसारख्या तालुक्याच्या कसब्यात, जेथे शहरी कार्यशाळा दूर, तेथे अशा उघड्या रचनेचे मोल पगारी तंत्रज्ञाहून अधिक होते. दोषही होते: माल मागे लादून चढ चढताना पुढच्या चाकावरचा भार कमी होई आणि आपल्या काळ्या मातीच्या चिखलात ते जागीच फिरे, वेगात वळण घेतल्यास एकच पुढचे चाक तोल सांभाळण्यास अपुरे पडे.

हे वाहन दुरुस्त करणारे आपले ज्येष्ठ मिस्त्री आता हातातले पाने खाली ठेवू लागले आहेत, आणि त्यांच्या विद्येचा दस्तऐवज कोणत्याही दप्तरी नाही. म्हणून वाचक बांधवांस आमची कळकळीची विनंती आहे की ज्यांनी हॅन्सिएटवर काम केले असेल त्यांनी चेनचा ताण, मिश्रणाचे प्रमाण, नसलेल्या सुट्या भागाऐवजी बसविलेला पर्याय आणि तो किती टिकला, याचे टिपण आम्हांकडे पाठवावे. हस्ताक्षर कसेही असो, आकृती हाताने काढलेली असो. पुढील अंकापासून त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.