पाणी ओसरल्यावर सुचणारे प्रश्न

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका. पावसाळ्यात हे आकडे चहाच्या गाड्यावरही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाण्यानं 55 फूट ओलांडले. हे फक्त विमा कंपन्यांना ठाऊक नसतं. म्हणजे हप्ता घेताना नसतं. दावा आला की सगळं कळतं.

पूर ओसरल्यावर शाहूपुरीत एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो होतो. घोट्यापर्यंत गाळ, कुजक्या कापडाचा वास. विम्याचा सर्व्हेअर म्हणाला, "स्टॉक रजिस्टर दाखवा." व्यापाऱ्यानं कपाटातून लगदा काढून पुढे धरला. मग समजलं की माल विम्याच्या रकमेपेक्षा जास्त किमतीचा होता, म्हणून भरपाईही त्या प्रमाणात कापणार. पॉलिसी देताना विमा कंपनीचं कुणी दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

आता विमा नियामक इर्डाईच्या 2024 च्या नियमांनुसार संचालक मंडळांनी पर्यावरणाचं धोरण आणि हवामान जोखमीची चौकट आखायची आहे. छान. आणखी एक फाईल. कंपनी बुडू नये ही काळजी रास्तच, पण ग्राहक बुडाला तर? नुसती जोखीम मोजायला लावलं तर कंपनी हप्ता वाढवेल, नाहीतर पाठ फिरवेल. आपत्तीच्या वाढत्या धोक्याकडे बोट दाखवत स्टेट फार्म या अमेरिकी विमा कंपनीनं मे 2023 मध्ये कॅलिफोर्नियात नवे घरविमे बंदच केले. उद्या कोल्हापूरच्या कुंभार गल्लीला कोण दारात उभं करील? शिरोळच्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची तर बातच नको. खरीप पीकविम्याच्या यादीत ऊसच नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. पूररेषेत भराव टाकून इमारती उठल्या, त्यांना परवाने मिळाले, कर्जं मिळाली. बिल्डरकडे पूररेषेचा नकाशा मागणारी विमा कंपनी मला अजून भेटायची आहे.

इर्डाईला खरंच नियम करायचा असेल तर असा करावा: जागा पूररेषेत आहे की नाही, हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापा. विम्याची रक्कम पुरेशी आहे का, हे पैसे घेण्याआधी कंपनीनं जागेवर येऊन तपासावं. आणि प्रत्येक पुरानंतर कोणत्या तालुक्यात किती दावे नाकारले, कशासाठी नाकारले, हे जाहीर करावं.

तोवर, व्यापारी मित्रांनो, नूतनीकरणाआधी एजंटाला दुकानात बोलवा, भिंतीवरची 2021 च्या पाण्याची खूण दाखवा आणि तिची नोंद प्रस्तावावर लेखी करून घ्या.