साइड व्हील हाताला लावायची का?

हात अधू आहे म्हटलं की समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला साइड व्हीलवर येतो. "अरे, मग ती मागं जादा दोन चाकं लावलेली स्कूटर घे की!" महिन्याभरात चौघांनी ऐकवलं. त्यातले तिघे हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहितोय. मामा, तुम्हीसुद्धा.

ती चाकं पायासाठी असतात हो. गाडी थांबली की पाय टेकवता येत नाही, म्हणून. पोलिओने पाय गेलेल्या कितीतरी लोकांना त्या चाकांनी घराबाहेर काढलं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. जन्माच्या वेळी खांदा ओढला जाऊन तिथले मज्जातंतू दुखावले. डावा हात हँडलवर राहतो, थोडा भारही घेतो, पण बोटं आवळत नाहीत. अडचण लिव्हर ओढण्याची आहे. तिथे चाकं काय करणार?

"मग बिनगिअरची स्कूटर!" हा दुसरा सल्ला. तिचा मागचा ब्रेक कुठे असतो? डाव्या मुठीत. त्यात २०१९ पासून छोट्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं, आणि स्कूटरवर तो जोडब्रेक सहसा डाव्या लिव्हरवरच असतो. म्हणजे सुरक्षिततेची नवी सोय नेमकी माझ्या न चालणाऱ्या हातात!

उलट मोटरसायकल बघा. गिअर डाव्या पायात, मागचा ब्रेक उजव्या पायात, पुढचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या हातात. डाव्या हाताला मोठं काम एकच, क्लच. तेवढा काढला की झालं. आणि तो काढणं काही अवघड नाही. होंडाची सुपर कब १९५८ मध्ये आली ती मुळी क्लचच्या लिव्हरशिवाय. का? तर जपानमधल्या सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताटं धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवता यावी. २०१७ पर्यंत या गाड्या दहा कोटी निघाल्या. त्याच जातीची हिरो होंडा स्ट्रीट आपल्याकडेही होती. खपली नाही, बंद पडली. मी तीच जुनी गाडी चालवतो.

म्हणजे धडधाकट पोऱ्याला नूडल्स न्यायच्या असल्या की एका हाताची गाडी ही इंजिनिअरिंगची कमाल. मला ऑफिसला जायचं असलं की तीच "रिस्क". मोबाइल कानाला लावून लक्ष्मी रोडवरून जाणाऱ्यांना कोणी अपंग म्हणत नाही :)

धोका नाही असं मी म्हणत नाही. खड्ड्यात हँडल वळतं तेव्हा डावी बाजू कमी पडते, हे मला रोज कळतं. ज्याला हँडल आवरत नाही त्याने चालवूच नये. पण हे ठरवायचं कसं? चालवायला लावून. आठचा आकडा काढायला सांगा, जोरात ब्रेक मारायला सांगा, आणि नापास झालो तर घरी पाठवा. एका आरटीओ कचेरीत मात्र माझा हात अधू की पाय, हेही न विचारता "तीनचाकी करून आणा" असं उत्तर मिळालं. १९८८ च्या कायद्यात अशा गाडीला "इन्व्हॅलिड कॅरेज" म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीत "अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल" झालं. अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली किंवा बदल केलेली गाडी, एवढीच तिची व्याख्या. चाकं किती, ते त्यात कुठेही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन केम्पस्टरचा उजवा हात आणि उजवा पाय १९९० मध्ये एका दारुड्या ड्रायव्हरमुळे गेला. त्याने सगळे कंट्रोल डावीकडे आणले आणि ट्रॅकवर शर्यती केल्या. गाडीवर नंबर लावला, १/२. मला शर्यत नको, मला सिंहगड रोड पुरे.

असो. मामा, चाकांचं कोटेशन आणलंत त्याबद्दल आभार, पण गॅरेजवाल्याला नाही म्हणून कळवा. त्याऐवजी एवढं विचारा, स्कूटरच्या मागच्या ब्रेकचं लिव्हर उजवीकडे, पुढच्याच्या शेजारी बसवून देईल का? स्ट्रीटचे पार्ट आता मिळेनासे झालेत.