दुखतं ते पोटातच!

'ताई, मनाला लावून घेऊ नका' हे वाक्य दवाखान्यात ऐकलं नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. चक्कर येवो, कंबर धरो, पोटात मुरडा उठो, दिवसातून पाचदा जावं लागो की चार दिवस होऊच नये, औषध एकच: मनाला लावून घेऊ नका. वर अॅसिडिटीच्या गोळ्यांची एक पट्टी. सोबत नवरा असेल तर डॉक्टर त्याच्याकडे बघून हसणार आणि नवरा मान डोलावणार.

मी अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत बचतगटातल्या बायांबरोबर काम करते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून हेच काम. गेली सहा वर्षं मला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस आहे. त्यासाठी मी अमरावतीला जाऊन ॲक्युपंक्चरही करून पाहिलं. सुयांनी बरं वाटलं का, हे मैत्रिणी विचारतात. ते सांगतेच, पण मला त्याहून अधिक भांडायचं आहे, आणि ते सुयांशी नाही.

आधी आजार समजून घेऊ. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण, सगळं निर्मळ येतं. बिघाड असतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांच्या ये-जा करण्यात. जेवढा वायू दुसरीला जाणवतही नाही, तेवढ्याने हिच्या पोटात कळ येते. डॉक्टर मंडळींच्या २०१६ सालच्या निकषांप्रमाणे, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी, मळ पातळ-घट्ट होण्याशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी असेल, तर त्याला आयबीएस म्हणतात. याला निकष आहेत, नाव आहे, त्यावर जगभर संशोधन चालू आहे. अर्धशिशीही फोटोत दिसत नाही, म्हणून कुणी तिला खोटी म्हणतं का?

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शौचावाटे रक्त जाणं, वजन उतरत जाणं, रक्त कमी असणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नाही. तपासणीचा हट्टच धरायचा.

आता आकडे बघा. पाश्चात्त्य देशांत हा आजार घेऊन येणाऱ्यांत बाया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. आपल्याकडे २००८ साली पोटविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने देशभरच्या दवाखान्यांतल्या २७००हून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते! मात्र त्याच पाहणीत जेव्हा दवाखान्याबाहेर, वस्तीत विचारलं, तेव्हा बाया आणि पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. म्हणजे दुखतं दोघांना आणि दवाखान्यात पोचतो तो. आमच्या एका बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "पोट तं साऱ्याइचंच दुखते व माय, त्याले काय दवाखाना दाखवा लागते?" सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

जी बाई पोचते तिचं काय होतं? ओटीपोटात दुखतं म्हटलं की बोट सरळ गर्भाशयाकडे जातं. आतड्याची चौकशी कोण करणार? 'पिशवी काढून टाका, कटकट संपेल.' पिशवी जाते आणि कळ तिथेच राहते, कारण ती पिशवीची नव्हतीच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली, आणि आकडा तेरा हजारांच्या वर निघाला. त्यातल्या किती जणींचं दुखणं खरोखर पिशवीचं होतं?

तर सुया. अमरावतीच्या दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्या दिवशी मला पाऊण तास विचारलं. काय खाता, केव्हा जाता, कळ कुठून सुरू होते, झोप किती, घरी कोण कोण, पाळीच्या दिवसांत वाढतं का. सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग पोटावर, गुडघ्याखाली, हाताला बारीक सुया लावून अर्धा तास दिवा मंद करून पडून राहायला सांगितलं. मी पडून राहिले. दुपारी तीन वाजता, फोन बंद करून. दहा बैठका झाल्या. कळा कमी झाल्या, घाईची भीती बरीच ओसरली, गोळ्या अर्ध्यावर आल्या. हे खरं आहे आणि मी ते कुणालाही सांगेन.

पण सुयांमुळे? इथे कुणाची भक्ती दुखावली तर दुखावो. २०१२ साली जगभरच्या १७ चाचण्या, १८०६ रुग्ण, एकत्र तपासले गेले. जिथे खऱ्या सुयांची तुलना खोट्या सुयांशी केली, तिथे आयबीएसमध्ये फरक निघाला नाही. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी त्याहून बोलकं काम केलं होतं. २६२ रुग्ण, बहुसंख्य बाया. त्यांचे तीन गट केले. पहिला नुसता थांबवून ठेवला. दुसऱ्याला खोट्या, कातडीत न शिरणाऱ्या सुया लावल्या, पण बोलणं जवळजवळ नाहीच. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, मात्र आधी पंचेचाळीस मिनिटं आस्थेने विचारपूस. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटला तो पहिल्या गटात २८ टक्क्यांना, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२!

यावर आमच्यातले विवेकवादी मित्र टाळी देतात: "म्हणजे मनाचाच खेळ ना!" नाही हो. ज्या उपायाने बाईची कळ कमी होते तो उपाय खेळ नाही. ऐकून घेणं आणि विसावा हे औषध आहे, हे त्या आकड्यांनी दाखवलं. मग सरकारी बाह्यरुग्ण विभागात ते औषध का मिळत नाही, हा माझा प्रश्न आहे. तिथे बाईच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, तीही चार माणसांच्या घोळक्यात. संडासाला कशी होते हे ती तिथे काय सांगणार? आणि मी बैठकीला चारशे रुपये मोजले. निंदणाला जाणाऱ्या बाईची ती दोन दिवसांची मजुरी, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. तिने दुपारी तीन वाजता अर्धा तास डोळे मिटले तर घरात काय म्हणतील ते वेगळंच. बाईला आडवं व्हायचं तर अंगात सुई टोचलेली असावी लागते, असा हा संसार!

दुसऱ्या बाजूलाही माझं भांडण आहे. 'मुळापासून बरा, दहा बैठकांत' अशा पाट्या लावणाऱ्यांना मैत्रिणींनी उभं करू नये. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा झाला आहे, २०१९ साली केंद्रानेही या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी विचारा, सुई समोर नवी फोडायला लावा, आणि चालू औषध कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका.

ही विद्या आपल्याकडे आली कशी हेही आठवावं. १९३८ साली चीनला जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे कोटणीस होते, आपल्या नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजॉय कुमार बसू होते. बसूंनी पुढे १९५९ मध्ये ॲक्युपंक्चर भारतात आणलं. चीनमध्ये ती अनवाणी डॉक्टरांच्या झोळीतली, खेड्यातल्या गरिबाची वस्तू झाली. इकडे ती बैठकीमागे पैसे मोजण्याची वस्तू झाली आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगते. तुरीचं वरण, कांदा, लसूण, गहू यांनी अनेकींचा वायू वाढतो. मुगाचं पातळ वरण आणि ज्वारीची भाकर मला मानवते. पण स्वतःसाठी वेगळं वरण शिजवणारी सून वऱ्हाडात किती घरांत खपेल? आहाराचा तक्ता देणारे हे कधी विचारत नाहीत.

आणि शौच दाबून धरणं. पहाट उलटली की रात्र होईपर्यंत दाबून धरायचं, हे आपल्या कित्येक जणींना पोरवयापासून शिकवलं गेलं. गावोगाव संडास झाले, पण पाणी आणायचं तिनेच, आणि शेतावर, बाजारात, बसस्थानकावर तिची सोय काय? दाबून धरलेल्या मळाने आतडं सुस्तावतं, कळा वाढतात, मग बाई बाहेर पडताना खातच नाही. मीही कित्येकदा अकोल्याहून उपाशी निघाले आहे.

अमरावती ते अकोला हा महामार्ग जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला. ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत! सगळ्या देशाने कौतुक केलं. त्याच रस्त्यावर बाईला बसता येईल असे, कडी लागणारे, पाणी असलेले संडास किती, हे आता आमचे तीन गट एसटीने आणि पायी फिरून नोंदवणार आहेत. एका वहीत गाव, वेळ, कडी, पाणी, पैसे मागितले का, एवढंच लिहायचं. वही सध्या मूर्तिजापूरच्या बायांकडे आहे. भरली की दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू. दोन्ही जिल्ह्यांतल्या ज्या मैत्रिणींना सोबत यायचं आहे त्यांनी आपल्या गटातून कळवावं.