गुणिले किती?

मुलांनो,

मागच्या महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी झाली होती. सातवीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात कंपासपेटी. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "बाई, एस.टी.त हाफ तिकीट कितव्या वर्षापर्यंत असतं हो?"

"बारा वर्षांपर्यंत. का रे, कुठं निघालास?"

"मुंबईला."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. नट व्हायला."

मी हसले नाही, बरं का. कारण हा पोरगा खरोखरच नट आहे. गेल्या गॅदरिंगला त्यानं भाजीवालीचं सोंग असं काही वठवलं होतं, की पहिल्या रांगेत बसलेल्या खऱ्या भाजीवाल्या मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. आमच्या मुख्याध्यापकांची चाल, त्यांचं चष्मा वर सरकवणं, बोलायच्या आधीचं ते खाकरणं, सगळं तो हुबेहूब करतो. (मुख्याध्यापकांना हे ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.)

त्यानं कंपासपेटी उघडून दाखवली. कर्कटक आणि गुण्यांच्या खाली नोटांची घडी होती. ६४० रुपये! थोडे आजीनं दिवाळीला दिलेले, थोडे भंगार विकून आलेले.

"पुरतील ना, बाई?"

तुमच्यापैकी कुणी हसलं असेल, तर जरा थांबा. मला येणाऱ्या पत्रांत हाच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत असतो. मुंबईला गेलं तर काम मिळेल का, किती पैसे लागतील, आई-बाबा नाही म्हणतात तर काय करू. म्हणून आज या एकाच प्रश्नाबद्दल बोलू या.

सुट्टीनंतरचा तास गणिताचा होता. मी त्याचं नाव न घेता वर्गाला म्हटलं, "समजा, अठरा वर्षांचा एक मुलगा नट व्हायला मुंबईला गेला. त्याचा महिन्याचा खर्च काढा." वर्ग एकदम जागा झाला. सरळव्याजाला असा जागा होत नाही कधी! एका मुलीचे मामा नालासोपाऱ्याला राहतात. त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. मामा म्हणाले, एका खोलीत चौघं राहिलात तर प्रत्येकी साडेचार हजार. शिवाय खोली घेतानाच डिपॉझिट मोजावं लागतं, ते निराळं. मग खाणावळीचा डबा. लोकलचा पास. मोबाइलचं रिचार्ज. साबण, दाढी, औषधपाणी. फोटो काढून घ्यायचे ते. मागच्या बाकावरून आवाज आला, "इस्त्री धरा, बाई! चुरगळलेल्या शर्टात कोण काम देईल?" इस्त्रीही धरली. बेरीज तेरा हजारांच्या आसपास आली. "हे ओढूनताणून हं," मामा पलीकडून म्हणाले.

मी फळ्यावर १३,००० लिहिले. पुढं गुणिलेचं चिन्ह काढलं आणि खडू खाली ठेवला.

"गुणिले किती?"

"सहा!" "बारा!" "बाई, एक. पहिल्याच महिन्यात काम मिळालं तर?"

आणि मग वर्ग गप्प झाला. कारण त्या चिन्हापुढं कुठला आकडा लिहायचा, हे कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. मी डी.एड.ला गेले तेव्हा आमच्या अण्णांना पक्कं ठाऊक होतं, दोन वर्षं. त्यांनी एक म्हैस विकली आणि हिशेब बसवला. नटाच्या हिशेबात म्हैस किती वर्षांसाठी विकायची, हेच कळत नाही.

मग आम्ही काही खऱ्या माणसांचे आकडे शोधले.

बेंगळुरूत एका मराठी घरात १२ डिसेंबर १९५० रोजी शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला. वडील पोलिस खात्यात शिपाई. मुलानं हमाली केली, सुतारकाम केलं, मग शहराच्या बससेवेत कंडक्टर झाला. बसमधल्या मंडळींच्या नाटकांत तो काम करायचा. त्याच्या बसचा ड्रायव्हर होता राजबहादूर. त्यानं ही नाटकं पाहिली आणि तो शिवाजीच्या मागंच लागला. तू इथं तिकिटं फाडत बसू नकोस, मद्रासला जा, अभिनय शीक. महिन्याचा बांधलेला पगार मागं ठेवून परक्या शहरात जायचं, तेही चेहऱ्याच्या भरवशावर! १९७३ साली शिवाजी मद्रासच्या (म्हणजे आजच्या चेन्नईच्या) अभिनयशाळेत दाखल झाला. आणि राजबहादूर? तो बेंगळुरूत बस चालवत राहिला आणि आपल्या पगारातून मित्राला पैसे पाठवत राहिला.

दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्या मुलाला हेरलं, तमिळ शिकायला सांगितलं आणि नावही बदललं. कारण तमिळ चित्रपटात शिवाजी गणेशन आधीच होते. १९७५ साली 'अपूर्व रागंगळ' आला. त्यात एक दाढीवाला माणूस बंगल्याचं फाटक ढकलून आत येतो. भूमिका छोटीशीच. तो दाढीवाला म्हणजे रजनीकांत.

१९७३ ते १९७५. "चोवीस!" वर्ग ओरडला. आजच्या भावानं १३,००० गुणिले २४ म्हणजे ३,१२,००० रुपये. आणि तेवढ्या महिन्यांनंतर काय मिळालं, तर एक फाटक ढकलायला! पुढचं सगळं नंतरचं.

आता मला आवडणारा भाग. ऑक्टोबर २०२१मध्ये दिल्लीत रजनीकांत यांना दादासाहेब फाळके पुरस्कार दिला गेला. व्यासपीठावरून त्यांनी तीन माणसांची नावं घेतली. गुरू बालचंदर, मोठे भाऊ सत्यनारायणराव आणि बस ड्रायव्हर मित्र राजबहादूर. सारा देश ज्याला ओळखतो त्यानं भरसभेत एका ड्रायव्हरचं नाव घेतलं, तेही ४८ वर्षांनी.

फाळक्यांचं नाव आलंच आहे म्हणून सांगते. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेबांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकायला दिले. नुसते दागिने देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत. चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करायच्या. पुरस्काराला नाव दादासाहेबांचं आहे. मला मात्र दर वर्षी तो जाहीर झाला की त्या चुलीपुढच्या बाई आठवतात.

दुसरा आकडा अनुपम खेर यांचा. सिमल्याचे. वडील वनखात्यात कारकून. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकले, लखनौला नाटक शिकवायची नोकरी केली आणि जून १९८१मध्ये मुंबईत आले. वांद्रे पूर्वेला खेरवाडीत दाटीवाटीच्या खोलीत राहिले. (खेर आणि खेरवाडीत!) कधी रेल्वेच्या फलाटावरही झोपले. मे १९८४मध्ये 'सारांश' आला. अठ्ठावीस वर्षांच्या या माणसानं त्यात पिकल्या केसांच्या निवृत्त मराठी हेडमास्तरांचं काम केलं, बी. व्ही. प्रधान नावाचे. घरी कुणी मोठं बरोबर असेल तेव्हा जरूर पाहा. हा आकडा ३६च्या जवळ गेला.

आणि तिसरे पंकज त्रिपाठी. बिहारच्या गोपालगंज जिल्ह्यातल्या बेलसंड गावचे. गावच्या नाटकात मुलीचं काम करायचे. पाटण्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात रात्री काम आणि दिवसा नाटक, असं करत करत तेही राष्ट्रीय नाट्यविद्यालयात पोचले. २००४ साली मुंबईला आले. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडं गेलं ते 'गँग्ज ऑफ वासेपूर'मुळं, २०१२ साली. आठ वर्षं! मधे बारीकसारीक कामं मिळाली, पण तेवढ्यावर मुंबईत घर चालत नाही. घर चाललं ते त्यांच्या पत्नी मृदुला यांच्या पगारावर. त्या शाळेत शिक्षिका होत्या. हे वाचून मला किती बरं वाटलं असेल, सांगा! रोज सकाळी कुणीतरी हजेरी घेत होतं, पाढे म्हणून घेत होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला कामासाठी दारोदार हिंडता येत होतं.

आठ वर्षांचे महिने ९६. १३,००० गुणिले ९६. वर्गात हिशेब चालू असताना मी त्या मुलाकडं पाहिलं. तो निराळाच भागाकार करत होता. वहीच्या कोपऱ्यात ६४० लिहून त्यानं खाली उत्तर लिहिलं होतं, दीड दिवस.

त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एस.टी. स्टँडवर उतरल्यावर हे उत्तर कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं.

आणखी एक सांगायला हवं. 'बालकलाकार हवेत' अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. आमच्या तालुक्याच्या गावी अशीच काही माणसं दोन दिवस हॉल घेऊन बसली होती. येईल त्या मुलाची निवड! नोंदणीचे दोन हजार, फोटोंचे आठ हजार. माझ्या ओळखीच्या एका आईनं भिशीचे पैसे भरले. नंतर तो फोन नंबर लागलाच नाही. काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. भाजी तोडायला बोलावून कुणी तुमच्याकडून पैसे मागेल का?

आणि कायदाही माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात, मालिकेत काम करता येतं, पण त्याला २०१७ सालचे नियम आहेत. आई-वडिलांची संमती हवी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मिळालेल्या पैशातला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावावर बँकेत ठेवावाच लागतो. म्हणजे घरातून न सांगता निघालेल्या मुलाला कुठलाही खरा निर्माता कामावर घेऊच शकत नाही. घेणारा निघाला, तर तो कशासाठी घेतोय याची भीती बाळगा. आणि कुणी असं निघालंच असेल, अनोळखी स्टेशनवर अडकलं असेल, तर १०९८ हा नंबर फिरवायचा. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात.

संध्याकाळी मी त्या मुलाला विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"चल, मी येते."

त्याची आई नुकतीच खुरपणीवरून आली होती, चूल पेटवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं, पण ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाई, ह्यात शिकून काही करता येतं का?"

मी सांगितलं, येतं. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्यविद्यालय आहे. तिथं जायला पदवी लागते, आधी नाटकांत केलेलं काम लागतं, आणि निवड झाली तर तीन वर्षं शिष्यवृत्ती मिळते. कॉलेजात गेला की एकांकिका स्पर्धा आहेत, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक तर १९६३पासून चालू आहे. त्याच्याही आधी, आत्ता, राज्य सरकारची बालनाट्य स्पर्धा आहे.

"म्हंजी पंधरावी झाल्यावर," ती म्हणाली.

पोरानं बोटं मोजली. आठवी, नववी, दहावी... "आठ वर्षं! बाई, हे पण ९६ महिनेच झाले."

"मग जेवायचं घरीच हाय की तवर," आई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

तो अजून थोडा घुश्शातच आहे. मुंबई काही त्याच्या डोक्यातून गेलेली नाही, आणि जावी असं मलाही वाटत नाही. यंदा आमची शाळा बालनाट्य स्पर्धेत उतरायचं म्हणते आहे. नाटकात एक खवीस म्हातारा आहे, तो त्याच्याकडं आलाय. परवा तालमीला येताना कंपासपेटी घेऊन आला आणि विचारायला लागला, पांढऱ्या दाढीला किती पैसे पडतील. मी सांगितलं, कापसाची करू, पैसे राहू देत.

तुम्हीही आपापल्या स्वप्नाचा एका महिन्याचा खर्च काढून बघा. नट व्हायचं असो, नाहीतर क्रिकेटपटू, गायिका, पैलवान. एका महिन्याचा खर्च लिहा, पुढं गुणिलेचं चिन्ह काढा, आणि तुमचा राजबहादूर कोण असेल असं वाटतं तेही लिहा. पैलवानांनो, बदाम धरायला विसरू नका. कागद मला पाठवा. पुढच्या अंकात त्यातले काही हिशेब आपण मिळून तपासू.

तुमची,
बाई